लाळेची नळी भरण्याआधी

मार्च २०२५ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्याकडे सुमारे दीड कोटी माणसांच्या जनुकांची माहिती जमा झालेली होती. कॅलिफोर्नियात २००६ साली सुरू झालेली ही कंपनी घरपोच एक छोटा डबा पाठवायची. डब्यातल्या नळीत लाळ भरायची, नळी टपालाने परत करायची आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कुठले, कोणत्या आजारांचा धोका आपल्याला जास्त, हे मोबाइलवर वाचायचं. कंपनी बुडायला आली आणि तिच्याजवळ विकण्याजोगं काय आहे हा प्रश्न उभा राहिला. सर्वांत मोलाची होती ती हीच माहिती. आधी एका औषध कंपनीची बोली पुढे होती. अखेर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ॲन वोजित्स्की यांच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलर मोजून ती घेतली. या व्यवहाराच्या आधीच कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी लोकांना जाहीर आवाहन केलं होतं की, आपली माहिती आणि नमुना नष्ट करायला सांगण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, तो वापरण्याचा विचार करा. ज्यांनी नळ्या भरून दिल्या होत्या, त्यांच्या हातात एवढंच उरलं होतं.

ही गोष्ट दूरची वाटेल, पण तसे डबे आता आपल्याकडेही मिळतात. आहार कोणता घ्यावा, मुलाने कोणता खेळ खेळावा, केस का गळतात, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं जनुकांतून देऊ म्हणणाऱ्या जाहिराती मराठी घरांपर्यंत पोचल्या आहेत. मोठ्या तपासणी पॅकेजमध्ये एखादी जनुकीय चाचणी सवलतीत घातलेली असते. परदेशातला मुलगा किंवा मुलगी हौसेने आई-बाबांसाठी डबा मागवते. जनुकीय चाचणी करूच नये असं मी अजिबात म्हणत नाही. योग्य वेळी, योग्य कारणासाठी केलेली चाचणी जीव वाचवते, हे मी मनापासून मानते. माझं म्हणणं इतकंच आहे की, हा अहवाल एकट्याचा नसतो आणि एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही. म्हणून सगळा विचार नळी भरण्याच्या आधी करायचा.

बँकेचं कार्ड चोरीला गेलं तर ते बंद करता येतं, पासवर्ड बदलता येतो. जनुकं बदलता येत नाहीत. शिवाय आई किंवा वडिलांशी आपली निम्मी जनुकं जुळतात, सख्ख्या भावंडांशी सरासरीने तेवढीच, आणि चुलत-मामे-आते भावंडांशी साधारण आठवा हिस्सा. म्हणजे चाचणी तुम्ही करता, पण माहिती तुमच्या बहिणीची, पुतण्याची आणि अजून न जन्मलेल्या नातवंडांचीही दिली जाते. कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत खून आणि बलात्कार करत फिरलेला एक गुन्हेगार पोलिसांना २०१८ मध्ये सापडला, तो असाच. त्याने स्वतःचा नमुना कुठेही दिलेला नव्हता. वंशावळ शोधण्यासाठी लोक स्वेच्छेने आपली माहिती चढवत अशा संकेतस्थळावर त्याचे दूरचे नातेवाईक होते आणि त्या धाग्यावरून तपास त्याच्या घरापर्यंत पोचला. गुन्हेगार पकडला गेला हे चांगलंच झालं. पण दूरच्या चुलत भावाच्या हौसेतून आपल्यापर्यंत वाट निघू शकते, हेही त्या दिवशी जगाला कळलं.

‘ट्वेंटीथ्री अँड मी’मध्येच ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेली चोरी बघा. चोरांनी दुसरीकडून मिळवलेले जुने पासवर्ड इथे लावून पाहिले. एकच पासवर्ड सगळीकडे वापरणाऱ्यांची सुमारे १४ हजार खाती त्यातून उघडली. कंपनीत नातेवाईक शोधून देण्याची सोय होती. त्या सोयीतून १४ हजारांच्या आडून सुमारे ६९ लाख माणसांची माहिती बाहेर गेली. पुढे ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला. ज्यांचे पासवर्ड मजबूत होते, त्यांचीही माहिती गेली, हा यातला खरा धडा आहे.

आधी विचारा: ही चाचणी कशासाठी?

डॉक्टरांनी लिहून दिलेली चाचणी आणि जाहिरात पाहून मागवलेली चाचणी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. घरात दोन-तीन जणींना तरुण वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर बीआरसीए जनुकांची तपासणी सांगितली जाते. तिच्यामागे नेमका प्रश्न असतो आणि उत्तर आल्यावर काय करायचं हेही ठरलेलं असतं. डब्यातल्या चाचणीत बहुधा संपूर्ण जनुक वाचलंच जात नाही, ठरावीक जागा तेवढ्या तपासल्या जातात. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये बीआरसीए अहवालाची परवानगी दिली, तेव्हा त्यात फक्त तीन बदल तपासले जात होते आणि ते तिन्ही प्रामुख्याने पूर्व युरोपीय ज्यू वंशाच्या लोकांत आढळणारे होते. या दोन जनुकांत धोकादायक बदल हजारांनी ज्ञात आहेत. समजा, सांगलीच्या एखाद्या बाईने ती चाचणी करून ‘बदल आढळला नाही’ असा अहवाल वाचला आणि गाठीकडे दुर्लक्ष केलं, तर चूक तिची म्हणायची का? जनुकांवरून मधुमेह, हृदयविकार यांचा धोका सांगणाऱ्या ‘जोखीम गुणां’चंही तसंच. ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत, आपल्याला ते तितके नेमके लागू पडत नाहीत.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा जनुकीय समुपदेशकाला तीन प्रश्न विचारा. या अहवालाने माझ्या उपचारात किंवा तपासण्यांत काय बदल होईल? ‘आढळलं नाही’ याचा नेमका अर्थ काय? आणि ‘अर्थ निश्चित सांगता येत नाही’ असा निकाल आला तर पुढे काय? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण असा अधांतरी निकाल येणं काही विरळ नाही आणि त्याने घरच्यांची झोप उडते.

विदर्भातलं कार्ड

जनुकीय चाचणी ही श्रीमंतांची हौस आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. महाराष्ट्रात ही चाचणी सर्वांत जास्त पोचली आहे ती गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या पाड्यांवर. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिथे आदिवासींत आणि इतर काही समाजांतही आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. बोटातून रक्त घेऊन प्राथमिक चाचणी होते, संशय आला तर प्रयोगशाळेत खात्री केली जाते आणि मग कार्ड हातात मिळतं.

या मोहिमेची गरज मला पूर्ण मान्य आहे. वेळेवर निदान झालेलं मूल वाचतं, औषधाने त्याच्या वेदना कमी होतात. पण कार्डावर ‘वाहक’ लिहिलेलं असतं तेव्हा गावात त्याचा अर्थ ‘आजारी’ असा लावला जातो, आणि तिथून माणसाचं, त्यातही मुलीचं, आयुष्य अवघड होतं. वाहकाला म्हणजे ‘एएस’ व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, बाळ वाहक होण्याची शक्यता चारात दोन. एकच जोडीदार वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. इतकं साधं गणित लग्न जुळवताना कुणी समजावून सांगत नाही आणि स्थळ मोडतं.

तिथे काम करणाऱ्या आशाताई, परिचारिका, शिक्षक यांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. शाळेत तपासणी झाली तर निकालाची यादी वर्गात वाचून दाखवू नका, फळ्यावर किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. निकाल पालकांना बाजूला बसवून सांगा आणि ‘वाहक’ म्हणजे काय हे त्यांच्या बोलीत समजावा. लग्न ठरवणाऱ्या घरांनी दोघांचीही तपासणी करावी, फक्त मुलीची नाही. अहवाल त्या दोघांनी एकमेकांना दाखवावा आणि काय करायचं ते त्यांनीच ठरवावं. मध्यस्थाच्या फोनमध्ये त्याचा फोटो असण्याचं काहीच कारण नाही. शंका राहिली तर चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं या आजारांसाठीचं केंद्र आहे आणि परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे.

गर्भारपणातल्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचे दोष तपासण्याची चाचणी आता अनेक शहरांत होते. तिच्यातून बाळाचं लिंगही कळतं आणि म्हणूनच तिच्यावर १९९४च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा पूर्ण अंमल आहे. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला होता. नोंदणी नसलेल्या प्रयोगशाळेत ही चाचणी करू नका. लिंग सांगणं हा गुन्हा आहे, मग ते तोंडी असो, खुणेने असो की चॉकलेटच्या रंगाने.

सही करण्याआधीचं वाचन

संमतीपत्र कुणी वाचत नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. सगळं वाचणं जमणार नसेल तर चार जागा शोधा. पहिली जागा संशोधनाची. चाचणीसाठीची संमती आणि संशोधनासाठीची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काही अर्जांत दुसरीवर आधीच खूण केलेली असते किंवा ती पहिल्यातच मिसळलेली असते. संशोधनाला माझा विरोध नाही. आपल्याच लोकांची माहिती अभ्यासात नसल्यामुळे जोखीम गुण आपल्याला लागू पडत नाहीत, हे वर आलंच आहे. ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाने देशभरातल्या ८३ समूहांतल्या दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती अभ्यासकांसाठी फरिदाबादच्या केंद्रात उपलब्ध केली, ते आवश्यकच होतं. पण सार्वजनिक संस्थेच्या नैतिकता समितीसमोरून गेलेल्या अभ्यासाला होकार देणं वेगळं आणि खासगी कंपनीने आपली माहिती औषध कंपनीला विकावी यासाठी होकार देणं वेगळं. २०१८ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ने तिच्याकडच्या माहितीवर संशोधन करण्यासाठी एका मोठ्या औषध कंपनीशी करार केला, तेव्हा त्या कंपनीने तिच्यात ३० कोटी डॉलर गुंतवले होते. संशोधनाची खूण काढली तरी चाचणी होते. होत नसेल, तर तिथे चाचणी करू नका.

दुसरी जागा नमुन्याची. अहवाल आल्यावर उरलेली लाळ किंवा रक्त किती वर्षं ठेवणार? नमुना शिल्लक असेल तर उद्या त्यातून आज न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं काढता येतात. ‘चाचणीनंतर नष्ट करावा’ असा पर्याय असेल तर तो घ्या, नसेल तर लेखी मागा. तिसरी जागा मालकी बदलण्याची. ‘कंपनीचं विलीनीकरण किंवा विक्री झाल्यास माहिती हस्तांतरित होईल’ असं वाक्य जवळजवळ प्रत्येक धोरणात असतं. अमेरिकेत घडलं ते याच वाक्याच्या आधारे. चौथी जागा माहिती कुठल्या देशात साठवली जाते आणि तक्रार कुणाकडे करायची याची. भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर तो डबा मागवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘माहिती निनावी करूनच देतो’ या आश्वासनावर फार विसंबू नका. नाव पुसलं तरी जनुकांतली ओळख उरते. वर सांगितलेला २०१८चा तपास नाव नसतानाच लागला होता.

आणि एक सवय तेवढी सोडा. अहवालाची पीडीएफ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची, किंवा अर्थ विचारायला तो जसाच्या तसा एखाद्या एआय चॅटबॉटला देण्याची. डॉक्टरांवर रुग्णाचं गुपित जपण्याचं बंधन आहे. चॅटबॉट चालवणाऱ्या कंपनीवर डॉक्टरांसारखं बंधन नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायचा असेल तर शब्द विचारा, नाव-वय-जनुकांसकट पान चढवू नका.

विमा, नोकरी आणि कायदा

अमेरिकेत २००८ पासून एक कायदा आहे, ज्यामुळे आरोग्य विमा कंपनीला आणि मालकाला जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही. त्यातही आयुर्विमा येत नाही. अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी हे लक्षात ठेवावं. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. हृदयाच्या स्नायूच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त रुग्णाचा दावा विमा कंपनीने ‘जनुकीय आजार’ म्हणून नाकारला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सरसकट असं वगळणं भेदभावाचं ठरवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं की, केवळ ‘जनुकीय आजार’ या कलमाखाली दावे नाकारू नका.

मग विम्याच्या अर्जात काय लिहायचं? अर्जात विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, कारण लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी अंगाशी येते. पण जे विचारलेलं नाही ते आपण होऊन जोडू नका. ‘तुम्हाला हृदयविकार आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर जनुकीय जोखमीवरून ‘हो’ होत नाही. शंका असेल तर एजंटला तोंडी विचारू नका, कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या. सलग पाच वर्षं आरोग्य विमा चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून इतर कारणाने माहिती लपवल्याचा मुद्दा कंपनीला काढता येत नाही, हा २०२४ मधला नियमही माहीत असू द्या. जमत असेल तर आरोग्य विमा आधी घ्यावा आणि हौशीची चाचणी नंतर करावी.

कार्यालयाच्या खर्चाने होणाऱ्या वार्षिक तपासणीत जनुकीय चाचणी असेल तर मनुष्यबळ विभागाला विचारा की, अहवाल कुणाला दिसणार. कंपनीला फक्त एकत्रित आकडे जाणार असतील तर ते लेखी मागा. समाधान झालं नाही तर ती एक चाचणी नाकारा, बाकीची तपासणी करून घ्या.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होतील, अशी रचना आहे. तोवर २०११चे जुने नियम आहेत, त्यात वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील माहिती’ मानल्या आहेत. नव्या कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारकडे जातो, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाईची तरतूद त्यात नाही. जनुकीय माहितीला वेगळं, जास्तीचं संरक्षणही नाही. ही उणीव भरून निघायला हवी. तरी या कायद्यातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. आणि आपल्या पश्चात आपल्या माहितीबद्दलचे हक्क कुणी वापरावेत, त्याचं नाव नोंदवता येईल. जनुकांच्या बाबतीत हे नामनिर्देशन बँकेच्या खात्याइतकंच महत्त्वाचं आहे.

घरातली संमती

मुलांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. प्रौढपणी होणाऱ्या आणि लहानपणी काहीच उपाय नसलेल्या आजारासाठी मुलाची चाचणी करू नये, हा जगभरच्या वैद्यकीय नीतीचा संकेत आहे. मोठं झाल्यावर ते स्वतः ठरवेल. ‘कोणत्या खेळात चमकेल’ असल्या चाचण्यांसाठी तर मुलाची माहिती मुळीच देऊ नका. पितृत्वाच्या चाचणीबद्दल, फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सहज म्हणून करता येणार नाही. न्यायालय इतकी काळजी घेतं, तर चोरून केस-नखं पाठवून चाचणी करण्याचा विचारही घरात येऊ नये.

मोठ्यांनाही न जाणून घेण्याचा हक्क आहे. युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जनुकसंचाविषयीच्या जाहीरनाम्यात तो नोंदवलेला आहे. म्हणून चाचणी करण्याआधी भावंडांना विचारा: ‘काही निघालं तर तुला कळवू का?’ कुणी नको म्हणालं तर तो निर्णय मानावा. पण निघालेल्या आजारावर इलाज असेल, तर निदान एकदा सुचवायला हवं की, ‘डॉक्टरांना एकदा भेटून घे.’ निकाल आल्यावर ही चर्चा करायला गेलं तर चेहऱ्यावरूनच सगळं कळतं.

आधीच नळी भरून पाठवली असेल, तर आज करण्यासारखी कामं आहेत. खात्याचा पासवर्ड बदला, तो दुसरीकडे कुठेही वापरू नका आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. नातेवाईक शोधण्याची सोय बंद करा. संशोधनाची संमती मागे घ्या. झालेल्या अभ्यासातून माहिती परत काढता येत नाही, पण पुढचा वापर थांबतो. अहवालाची प्रत स्वतःकडे उतरवून घ्या आणि मग खातं व नमुना दोन्ही नष्ट करण्याची विनंती ई-मेलने करा. त्यात तारीख, खात्याचा तपशील आणि ‘नष्ट केल्याची लेखी पोच द्यावी’ हे वाक्य असू द्या. उत्तर आलं नाही तर तक्रार अधिकाऱ्याला लिहा. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर दुसऱ्याला देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसं घडल्याचं दिसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, किंवा ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तिथे नुकसानभरपाई मागता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, वकील लागतोच असं नाही. सोबत संमतीपत्राची प्रत आणि पाठवलेले सगळे ई-मेल जोडा.